आंब्याच्या पेटीचा पाळणा

४ मे १९८६, रविवार. मुलुंड पूर्व.

आलो एकदाचे! टेंपोवाल्याने आरशाचं कपाट जिन्यात दोनदा आपटलं, मार्तंड त्याच्याशी दोनदा भांडला, आणि चंदूने हॉलच्या बरोब्बर मधोमध शू करून गृहप्रवेश साजरा केला. बाकी सगळं झकास.

गिरगावात दीड खोलीत आम्ही सातजण राहत होतो. माणिक सात वर्षांची झाली तरी टेबलाखाली झोपायची आणि चंदू चार वर्षांचा झाला तरी माझ्या पोटाला चिकटून. रात्री कूस बदलायची तर आधी कुणाचा पाय कुठे आहे ते चाचपावं लागे. इथे हॉल आहे, स्वयंपाकघर आहे आणि आत एक खोली आहे. ती खोली मुलांची. मार्तंडने भाडेपत्रावर सही करायच्या आधीच मी त्याला बजावलं होतं, की आपण दोघं हॉलमध्ये गादी टाकू, पण आतली खोली माणिक-चंदूची. लहानपणी मला स्वतःचा कोपरासुद्धा मिळाला नव्हता. माझ्या मुलांना मिळणार, आणि तोही माझ्या हातचा.

खोलीला एकच खिडकी, मिठागरांच्या बाजूला. छताला दोन लोखंडी कड्या आहेत, आधीच्या भाडेकरूंनी पाळण्यासाठी लावलेल्या असाव्यात. मार्तंड म्हणाला, काढून टाकू. मी म्हटलं, खबरदार, माझ्या काहीतरी उपयोगाला येतील.

मार्तंड बुधवारी बडोद्याला जातोय. कंपनीच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायची आहेत, महिनाअखेरीला परत. तो येईपर्यंत सुतार नाही, रंगारी नाही, एकटीने ही खोली सजवून दाखवते, असं मी जाहीर केलं. तो हसला. खिळा ठोकताना दर वेळी स्वतःचा अंगठा ठोकणाऱ्या माणसाच्या हसण्याला मी भीक घालत नाही.

८ मे

अंग आंबून गेलंय, पण काय मजा येतेय म्हणून सांगू!

चुन्यात नीळ घालून भिंती रंगवल्या. फळवालीकडून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, पॉलिश पेपरने घासल्या, आणि एकीवर एक अशा खिळ्यांनी ठोकून मांडणी केली. वरचे कप्पे माणिकचे, खालचे चंदूचे. सासऱ्यांच्या छातीचे जुने एक्स-रे होते, ते गरम पाण्यात धुतले की नुसती स्वच्छ फिल्म राहते. तिच्यात मासे कापले आणि त्या छापाने भिंतीवर आणि पेट्यांवर पिवळे मासे उमटवले. मार्तंडच्या वडिलांच्या फुप्फुसांतून माझ्या मुलांच्या भिंतीवर मासे पोहायला लागले, हे सासूबाईंना कळलं तर त्या बेशुद्ध पडतील. पडदे माझ्या व्हॉइलच्या साडीचे. जुनं टेबल उभं कापून दोघांना दोन बुटके पलंग केले, मध्ये एक वीत जागा सोडून. रात्री हात लांबवला की एकमेकांना हात लागला पाहिजे.

आणखी एक काम उरकलं. चंदूला दार उघडं दिसलं की जिन्यात पळायची खोड आहे. बाहेरच्या दाराची मधली कडी काढून टाकली आणि नवी कडी पार वर, चौकटीच्या टोकाला बसवली. माझाच हात टाचा उंचावल्यावर पोचतो. माणिकने पेट्यांचा मनोरा रचला तरच तिचा पोचेल.

समोरच्या दारातल्या प्रेमावहिनी येऊन बघून गेल्या. मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, संपानंतर आता कुर्ल्याला एका गोदामात आहेत. बाई बोलक्या आहेत, पण मुलांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, रंग ओलो आसा. रंग केव्हाच वाळला होता.

११ मे, रविवार

मुलांच्या खोलीवरचा माळा साफ केला. धूळ, झुरळं, एक फुटका कंदील, आणि अगदी मागे भिंतीला टेकून बसवलेला एक वरवंटा. त्याला लाल खणाची कुंची घातलेली. नाड्या हनुवटीखाली नीट बांधलेल्या, म्हणजे दगडाला हनुवटी असती तर जिथे असती तिथे.

मी माळ्यावर बसून एकटीच हसले. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला असं कुंची घालून सजवतात, बाळाच्या आधी त्यालाच पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात आणि मग बाळाच्या पायाशी ठेवतात. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. बारसं उरकलं की कुंची निघते आणि वरवंटा गुमान चटणी वाटायला परत जातो. इथे कुणीतरी हा शेवटचा भाग विसरलेलं दिसतंय. पाटा शोधला, पण तो कुठेच नाही. आपल्याकडेही पाटा नाही, गिरगावचा सासूबाईंनी ठेवून घेतला. नुसत्या वरवंट्याचं करायचं काय?

कुंची धुवावी म्हटलं तर नाडीची गाठ सुटेना. भिजवली, दातांनी ओढली. कातरीने कापणार होते, पण खण फार चांगला आहे, मन झालं नाही. वरवंट्यासकट तशीच कोपऱ्यात ठेवून दिली.

१३ मे

कड्यांचं काय करायचं ते सुचलं! आंब्याची मोठी पेटी घेतली, कडा गोल घासल्या, पिवळा रंग दिला, चार कोपऱ्यांना काथ्याची दोरी ओवली आणि कड्यांना टांगली. त्यात सगळी खेळणी राहतील, जमिनीवर पसारा नको. शिवाय बसल्याजागी हलवायला एक लांब दोरी बांधली. दिसतो मात्र थेट पाळणा. काथ्या कडीला घासतोय, खरं तर नायलॉनची दोरी घ्यायला हवी होती. बदलेन पुढच्या आठवड्यात.

रंग सुकायचा होता म्हणून पेटी रिकामीच होती आणि मुलं तिला झोके देत होती. तेवढ्यात प्रेमावहिनी चहाचा कप घेऊन दारात आल्या आणि ओरडल्याच, "रिकामो पाळणो हलवू नये गो! पोरांका बाधता."

मी म्हटलं, अहो पाळणा कुठला, आंब्याची पेटी आहे. पण त्या ऐकेनात. तेव्हा त्यांची समजूत घालावी म्हणून मी कोपऱ्यातला कुंचीवाला वरवंटा उचलला आणि पेटीत निजवला. म्हटलं, घ्या, आता नाही ना रिकामा?

त्यांचा चेहरा असा काही झाला की मला हसूच आलं. चहा तसाच टाकून गेल्या.

१४ मे

आज बारसं झालं! मुलांनी सकाळपासून पिच्छा पुरवला. पाळणा आहे, कुंची आहे, मग बारसं का नाही? रात्रीचे हरभरे भिजवलेले होतेच, त्यांच्या घुगऱ्या केल्या. दुपारी पडदे ओढून आम्ही तिघं बसलो. वरवंटा हातोहात पाळण्याखालून दिला, वरून घेतला. चंदूने तर त्याची दृष्टही काढली.

नाव कोण ठेवणार? ते आत्याचं काम. माणिक म्हणाली तू मोठी, तूच आत्या हो. मी पेटीवर वाकले. ठोंब्या म्हणायचं ठरवलं होतं, मुलं खिदळतील म्हणून. पण कुंचीला तोंड लावून कुर्रर्र केलं आणि तोंडातून निघालं, शकु.

आमच्या दोन्हीकडे कुणी शकु नाही. शाळेतही नव्हती. कुठून आलं कुणास ठाऊक. तोवर दोघांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली होती, तोही बारशातला रिवाजच आहे. चंदूचे धपाटे चांगलेच लागतात.

नाव ठेवणारीने पहिला झोका द्यायचा. दिला. पेटी मला वाटली त्यापेक्षा बरीच जड लागली.

१७ मे

मुलं खेळात रंगली आहेत. माणिकने तिचा सगळ्यात वरचा कप्पा शकुसाठी रिकामा केला. ज्या कप्प्यासाठी दोघं आठवडाभर भांडली, तो! चंदू आंबा खाताना शेवटची फोड शकुसाठी राखून ठेवतो. मला कौतुक वाटलं होतं. आज तेवढं वाटत नाही.

झोका थांबला की दोघं जिथे असतील तिथून येऊन माझा पदर ओढतात. आई, झोका दे. मी म्हटलं, तुम्हीच द्या ना. माणिकने दिला. चंदू म्हणाला, तुझा हात नको, शकुला आईचाच हात हवा.

काल मी वैतागून दिवसभर पाळण्याला हात लावला नाही. दुपारी दोघं आपापल्या पलंगावर जाऊन पडली. हाका मारल्या तर हुं की चूं नाही. हात धरून बघितला तर गार. मुलुंडच्या मे महिन्यात, जिथे नळाचं पाणीसुद्धा ऊन येतं, तिथे माझ्या मुलांचे हात गार! मी घाबरले, आणि घाबरल्यावर माणूस काय वाटेल ते करतं, तशी मी जाऊन दोरी ओढली. पेटी हलली. चंदू उठून बसला आणि भूक लागली म्हणाला.

ऊन बाधलं असणार. उन्हाचं असंच असतं.

१९ मे

प्रेमावहिनी उद्या गावी चालल्या. अर्धी बिल्डिंग आधीच गेली आहे, कोकणातली माणसं मे महिन्यात इथे राहतात थोडीच. सामानाच्या पिशव्या बाहेर ठेवून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, सांगितल्याशिवाय गेले तर मला झोप लागायची नाही.

आधी इथे विमला नावाची बाई राहायची. तिला मुलगी झाली आणि बाराव्या दिवसाच्या आधीच गेली. बारशाची आमंत्रणं गेली होती, हरभरे भिजत घातले होते. विमला कुणाचं ऐकेना. तिने वरवंट्याला कुंची घातली आणि त्याचंच बारसं केलं. मग पाळण्यापाशी बसून राहिली. तिला पाच वर्षांचा एक मुलगा होता. ती झोका देत असली की तो खेळायचा, ती उठली की मलूल व्हायचा. ती हे सांगायची, पण कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी तिच्या नवऱ्याने एक दिवस तिच्या हातातली दोरी हिसकावून घेतली आणि तिला स्वयंपाकघरात कोंडलं. संध्याकाळपर्यंत मुलगा गेला. नवऱ्याने तिला गावी नेलं. दगड फोडायची त्याची छाती झाली नाही, फेकायचीही नाही. माळ्यावर ठेवून दिला.

मग त्यांनी विचारलं, तू नाव काय ठेवलंस? मी सांगितलं.

"ताच नाव गो. तुका कोणी सांगल्यान?"

कुणी सांगितलं नाही, हे मी सांगितल्यावर त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, नाव ठेवलंस, आता तुझाच हात लागणार. मी गावात देवाकडे गाऱ्हाणं घालते आणि अंगारा घेऊन येते. तवसर झोको बंद करू नको.

मी त्यांना तोंडावर वेडी म्हटलं. आता वाईट वाटतंय. पण राग अजून गेलेला नाही. माझ्या हातांनी केलेली खोली आहे ही, तिच्यात कुणा विमलाचं दुःख मी का राहू देऊ? वरवंटा उचलला आणि माळ्यावर होता तिथे ठेवून आले.

२० मे

चंदूचे ओठ निळे पडले. माणिक भिंतीवरच्या माशांकडे बघत होती, पापणी न हलवता.

माळ्यावर धावले, गुडघा फोडून घेतला, दगड परत पेटीत ठेवला. झोका देत राहिले, दोघांना रंग येईपर्यंत. मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मुलांना ऐकू जायला नको होतं.

२१ मे

आज ठरवलं, दगड राहू दे इथेच, आपण गिरगावात जाऊ. सासूबाई काय बोलायचं ते बोलोत. सकाळी भरपूर झोके दिले, मुलांना कपडे घातले, दाराला कुलूप लावलं. जिना उतरेपर्यंत दोघं टुणटुणीत होती. फाटकापाशी चंदू म्हणाला, आई उचल. उचलायला गेले तर उचलेना. चार वर्षांचं माझं काटकुळं पोर, रोज कडेवर घेते, आणि दोन्ही हातांनी हलेना! अंग गार. माणिक रस्त्यावरच बसली.

वॉचमनने आणि मी मिळून दोघांना वर आणलं. तो बिचारा धापा टाकत म्हणाला, बाई, पोरांना खायला काय घालता?

मी कुलूप उघडून थेट दोरीकडे धावले. मुलांनाही दारातच सोडून.

२२ मे

डॉक्टरांना घरी बोलावलं. ते येईपर्यंत मी झोका देत होते, त्यामुळे मुलं ठणठणीत. त्यांनी दोघांना तपासलं, मला तपासलं, आणि म्हणाले मुलांना लिंबू सरबत द्या आणि तुम्ही जरा झोपा. मी म्हटलं, झोका थांबवते, मग बघा. त्यांना घाई होती.

मुलं बरी दिसत असताना धावत वाण्याकडे गेले आणि बडोद्याला ट्रंक कॉल लावला. मार्तंड लांबच्या साइटवर होता, चार-पाच दिवसांनी ऑफिसात येणार म्हणे. कारकुनाला सांगितलं, मुलं आजारी आहेत, असशील तसा निघून ये. त्याने लिहून घेतलं. बाई, तुम्हाला काय झालंय, असं त्याने विचारलं, मी फोन ठेवला. परत आले तोवर माणिकची बोटं गार झाली होती.

आधी दिवसभर थांबवलं तर व्हायचं. आता एवढ्यातच.

२४ मे

डोकं चालवलं. आपण हात टेकणाऱ्यांतल्या नाही. दोरीला परकराच्या नाड्या जोडल्या आणि स्वयंपाकघरापर्यंत आणली. कमरेला बांधून भात लावला. पुढे झुकले, मागे झुकले, की पेटी हलते. मुलांनी जेवण केलं. स्वतःवर खूष झाले जरा.

मग दारापर्यंत न्यायचा प्रयत्न केला. दोन साड्या फाडून जोडल्या. पण बोळातून वळताना दोरी चौकटीला घासते, अडकते. मी दारापाशी ओढतेय आणि खोलीत पेटी जागची हलत नाही. चंदू आतून ओरडला, आई, थांबलं! तशीच मागे धावले.

बाहेरच्या दाराची कडी मी लावलेली आहे. पार वर. मुलांच्या हाताला लागू नये म्हणून.

२६ मे

स्वयंपाकघरही आता लांब पडतं. नाड्या नीट ओढ देत नाहीत. सगळं सामान इथे खोलीत आणून ठेवलंय, पोहे, गूळ, पाण्याची कळशी. समोरच्या दाराला कुलूप, खालच्यांच्या दाराला कुलूप. खिडकीतून ओरडले. मिठागरांत दूरवर माणसं दिसतात, पाठ करून उभी. खिडकीला जाळी आहे, तीही मीच घट्ट ठोकली, चंदू वाकतो म्हणून.

सगळं मीच ठोकलंय.

माणिकला म्हटलं, पेट्या रचून दार उघड गं. ती उठली. दोन पावलं चालली. बसली. आता झोका चालू असतानाही दोघं पडूनच असतात, नुसती श्वास घेतात. पलंगांतून हात बाहेर काढून एकमेकांची बोटं धरलीत. तेवढ्यासाठी तर ती वीतभर जागा सोडली होती मी.

विमला, तू कशी बसलीस गं इतके दिवस?

२८ मे

डावा हात दोरीवर. उजव्याने लिहितेय. डोळा लागू नये म्हणून. सकाळी लागला होता, क्षणभर, चंदूचा श्वास—

चालू आहे. चालू आहे.

पाय जड झालेत. मांडी घातलेली उलगडत नाही. तळपायाला हात लावून पाहिला, गार आणि खरखरीत. रक्त उतरलं असेल.

काथ्या. कडीपाशी घासून घासून पेड सुटतायत. खाली भुगा पडलाय. नायलॉनची घ्यायला हवी होती— मला माहीत होतं— पुढच्या आठवड्यात म्हणाले होते—

मार्तंड, ये रे.

२९ मे

दुपार. दोरी तुटली.

पेटी खाली आदळली. दगड घरंगळत माझ्यापर्यंत आला, मांडीला टेकून थांबला. मुलांकडे बघितलं. छाती हलत नव्हती. दोघांची नाही.

काय करू, काय करू— उचलला त्याला. मांडीवर घेतला. मांडी हलवली, माझी आई मला हलवायची तशी. थोपटला. कुंचीची गाठ बोट लागताच सुटली. आतून दगड ऊन लागला. तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा ऊन.

आणि मला कळलं. हिला भावंडं नको होती, खोली नको होती, वरचा कप्पा नको होता. आई हवी होती. अर्धी नाही. दोरीच्या टोकाला बसलेली नाही.

म्हटलं, घे. मी तुझी. शकु, मी तुझीच. त्या दोघांना सोड.

चंदू खोकला.

उठून बसला! आई भूक, म्हणतोय. माणिकही, गालांवर रंग, केस विस्कटलेले. माझी बाळं. हाका मारतायत. मी इथे आहे म्हणते. ऐकू जात नाही. पुन्हा म्हणते. आवाज माझ्याच कानाला—

उठवत नाही. कमरेखाली काही कळत नाही. ती मांडीवर आडवी पडलीय, शांत—

बेल. मार्तंड! दार वाजवतोय, उत्तरा, उत्तरा करतोय—

माणिक मांडणीच्या पेट्या उपसतेय. ओढत नेतेय दाराकडे. शहाणी माझी. एकीवर एक ठेव. चढ, घाबरू नकोस, मी ठोकल्यात, मोडायच्या नाहीत—

कडीचा आवाज. उघडलं.

चंदू रडतोय बापाच्या गळ्यात. ऐकू येतंय सगळं. माणिक सांगतेय, आई आत्ता इथेच होती, दोरी धरून. येतायत सगळे. येतायत—

मार्तंड खोलीच्या दारात. माझ्याकडेच बघतोय. खाली, माझ्याकडेच. विचारतोय, उत्तरा कुठे गेली? आणि हा पाटा-वरवंटा इथे मधोमध कुणी आणून ठेवला?

माणिक म्हणते, वरवंटा म्हणजे शकु आहे, बाबा. पाटा आपला नाही. आपल्याकडे पाटा नव्हताच.

हात अजून— उजवा— दोन बोटं आहेत— मार्तंड, वही बघ, पाट्याच्या कडेला वही आहे, वाच, मुलांना घेऊन जा आधी, मग वाच, मी